न मोजलेली झाडं

पोकरराम रायकाचं काम म्हणजे दुसऱ्याच्या ताटात किती वाढलंय ते रोज बघायचं आणि मालकाला येऊन सांगायचं. याचा त्याला पगार मिळायचा.

सकाळी आठला तो कंपनीच्या थंडगार खोलीत शिरायचा, संगणकाचे तीन पडदे सुरू करायचा आणि जगातले मोठाले सौर प्रकल्प एकेक करून उघडायचा. चीनच्या पठारावरचा, जिथे प्लेटांखाली मेंढ्या चरतात. अरबांच्या वाळूतला. नाईलच्या देशातला. कच्छच्या रणातला, जो गळवासारखा दर महिन्याला फुगत होता. आकाशातून काढलेले ताजे फोटो ताणून बघायचे, कुणी किती रांगा वाढवल्या ते टिपायचं, आणि दहाच्या आत सभरवाल साहेबांच्या टेबलावर कागद ठेवायचा. त्या कागदावर एकच गोष्ट महत्त्वाची असायची, आज आपण जगात कितवे.

तिसरे. दीड वर्षं झाली, तिसरेच.

सभरवाल दिल्लीचा. थारमध्ये तो तीन वर्षं होता आणि या तीन वर्षांत त्याने एकदाही अनवाणी पाय वाळूवर टेकवला नव्हता. तिसरा नंबर त्याला दातात अडकलेल्या धाग्यासारखा छळायचा. दिवाळीच्या आधी मोठा मंत्री येणार होता, आणि फाटकावरच्या पाटीवर 'जगात पहिला' असं लिहिलेलं मंत्र्याच्या पाठीमागे फोटोत दिसायला हवं होतं. वीज तीच, ऊन तेच, तारा त्याच. पण नंबर पाहिजे. कोणाला पाहिजे? शेजारच्या ढाणीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, एकाही माणसाला नको होता. ढाणीत तर निम्म्या घरांत अजून वीज दुपारी येते आणि संध्याकाळी जाते, आणि ही जगातली तिसरी वीज त्यांच्या डोक्यावरून, तारांतून गुणगुणत कुठल्या तरी शहराकडे निघून जाते.

पोकर त्याच मातीतला. ऑफिसपासून त्याची ढाणी चार किलोमीटर. ज्या जागी आता त्याची खुर्ची होती तिथे त्याच्या बापाच्या उंटिणी बसायच्या. ढाणीतला डिप्लोमा झालेला तो पहिला. गळ्यात कार्ड, खिशात पेन. याचा त्याला अभिमान होता, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. चूक पुढे झाली.

चैत्रात त्याला एक शोध लागला. परदेशातली जी संस्था ही यादी काढते तिचे नियम कोणी वाचत नव्हतं. पोकरने वाचले. शब्दकोश शेजारी ठेवून चार दिवस वाचले, आणि पाचव्या दिवशी धावतच साहेबाच्या खोलीत गेला.

"साहेब, आपण तिसरे नाहीच आहोत. ते आपल्याला दोन धरतायत."

"सरळ बोल."

"प्लेटांच्या मध्ये एक किलोमीटरपेक्षा मोठी फट असली, की त्यांच्या हिशेबी तो एक प्रकल्प राहत नाही. दोन होतात. आपला उत्तरेकडचा वेगळा, दक्षिणेकडचा वेगळा. एकत्र धरला तर साहेब, आपण पहिले."

सभरवाल उठून पडद्याजवळ आला. निळ्याकाळ्या प्लेटांच्या पसाऱ्यात मधोमध एक तपकिरी-हिरवा डाग होता. त्याने त्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"ती ओरण आहे साहेब. जोगमायेची देवराई. आमच्याच ढाणीची."

हे पोकर अभिमानाने म्हणाला. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे त्याने स्वतःची बरीच समजूत घातली, की साहेबाने विचारलं म्हणून सांगितलं, नोकरी होती म्हणून सांगितलं. तसं काही नव्हतं. आपलं घर परक्याला दाखवताना माणूस जसा फुलतो तसा तो फुलला होता.

"तिथे कुऱ्हाड चालत नाही साहेब," तो पुढे म्हणाला. "पडलेली काटकीसुद्धा घरी नेत नाहीत. आमचे उंट त्यावरच जगतात. माझे वडील राखण करतात तिथली."

"कागदावर कोणाची आहे?"

"मातेची."

"मी कागदावर म्हणालो."

कागद दुपारपर्यंत आला. सरकारी, पडीक. झाडांची संख्या: शून्य.

या शून्याची गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा पटवारी मोजणीला आला होता. वगताराम, म्हणजे पोकरचा बाप, लाल साफा बांधून त्याच्यासमोर उभा राहिला.

"झाडं किती?" पटवाऱ्याने विचारलं.

"आहेत."

"आहेत ते मलाही दिसतंय. किती?"

"मातेची आहेत तेवढी आहेत."

उंट पाळणारे रायका देवीची वस्तू मोजत नाहीत. उंट मोजत नाहीत, झाडं मोजत नाहीत. मोजलं की घटतं, अशी त्यांची पक्की समजूत. उंट घरी परतले की बाप नावं घेतो. ज्याचं नाव घेतल्यावर मान वळत नाही तो हरवला, इतका साधा हिशेब. पण पटवाऱ्याच्या वहीत रकाना होता, आणि रकाना रिकामा ठेवला की वरचा साहेब ओरडतो. तीनची बस चुकली असती. त्याने शून्य लिहिलं आणि खेजडीच्या सावलीत बसून ताक पिऊन निघून गेला. ज्या झाडाच्या सावलीत बसला तेही त्याने शून्यातच जमा केलं!

वैशाखात तहसीलच्या भिंतीवर नोटीस लागली. जमीन कंपनीला द्यायची आहे, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. भिंत तहसीलची, ढाणीपासून चाळीस किलोमीटरवर. पोकरनेच वाचली, पोकरनेच घरी आणली ती बातमी.

तो आधी नायब तहसीलदाराकडे गेला. गोरधनदान त्याचं नाव, जातीने चारण, म्हणजे देवीचा पिढीजात भक्त, टेबलावर काचेखाली देवीचा फोटो.

"अरे जोगमाया माझीही आहे," गोरधनदानने त्याला समोर बसवून चहा दिला. "मला काय आनंद होतोय का? पण माझे हात या शून्याने बांधलेत. माझ्याकडे झाडांची यादी आण. प्रत्येकाला क्रमांक, जात, बुंध्याचा घेर. खाली सही. मग मी लिहितो, की ही पडीक जमीन नाही. शून्य खोडलं की विषय संपला."

"किती दिवसांत?"

"नोटिशीची मुदत आहे तोवर. पण तू शिकलेला आहेस. तुला किती वेळ लागणार?"

पोकर घरी आला तेव्हा वगताराम उंटिणीचं दूध काढत होता, एका पायावर उभा, दुसऱ्या मांडीवर भांडं टेकवलेलं. बाजूला त्याची विधवा बहीण गवरी, साऱ्या ढाणीची भूवा, म्हणजे आत्या, बाजरीचे सोगरे थापत होती.

"बापजी, मोजावी लागतील," पोकर म्हणाला.

वगतारामने धार थांबवली नाही. "काय?"

"झाडं. नाहीतर जाते ओरण."

"आषाढात दुधाची धार धरून आपण तिच्या भोवती फिरतो. माझा बाप फिरला, त्याचा बाप फिरला. हद्द घातलेली आहे. आता मोजायचं काय राहिलंय?"

"दूध वाळूत जिरतं बापजी. कागदावर दिसत नाही."

"मग कागदाचा दोष."

"ऐका तरी—"

"पोकरिया." आता म्हाताऱ्याने मान वळवली. "तुझ्या आईला सहा मुलं झाली. शेजारणीने बोट दाखवून मोजली, एक दोन तीन चार पाच सहा. किती राहिलात?"

एकटा तोच राहिला होता.

"ते गोवराने गेले," तो पुटपुटला.

"गोवराला पत्ता कोणी दिला?" म्हातारा म्हणाला आणि पुन्हा दूध काढू लागला.

भूवा तव्यावरून म्हणाली, "याच्याशी वाद घालू नकोस रे. माझं वय विचार. मतदानाच्या कार्डावर एकशे चार लिहिलंय. सरकार मोजतं ते असं. आणि तुझा बाप मोजतच नाही. मधल्या मध्ये मी अजून जिवंत आहे ते बघ."

पोकरने पाच दिवसांची रजा टाकली. बहिणीच्या सासरी जातो, असं सांगितलं. बहीण त्याला नव्हतीच, पण सभरवालला हे कुठे माहीत! उलट साहेबाने रजेवर सही करताना हसून विचारलं, "पाच पुरतील ना?" तेव्हा पोकरला त्यात काही वाटलं नाही. कंपनीच्या कोठारातून त्याने पिवळ्या रंगाचे दोन डबे उचलले. बाप उंट घेऊन पूर्वेच्या धोऱ्यांकडे, वाळूच्या टेकड्यांकडे गेला होता, चार-सहा दिवसांनी येणार होता. जेठ महिना. खेजडीला सांगऱ्यांच्या शेंगा लटकलेल्या, वारा तव्यासारखा.

पहिल्या झाडापाशीच भूवाने त्याला पकडलं.

"चोरा!"

"भूवा, ओरडू नका."

"काय फासतोयस तिला?"

"क्रमांक. वाचवायला." आणि मग त्याला एकदम रडू आलं, सत्तावीस वर्षांच्या घोड्याला. "कोणी ऐकतच नाही हो भूवा. बापजींना वाटतं देवी बघून घेईल. मी रोज वरून बघतो. वरून देवी दिसत नाही. वरून नुसता डाग दिसतो."

म्हातारीने ओढणी कमरेला खोचली. "घेर मोजायला दोरी लागेल ना? तुझे हात पुरायचे नाहीत. मी दोरी धरते. पण मी मोजत नाही हां. मी फक्त दोरी धरते."

चार दिवस दोघं राबली. भूवा दोरीचं टोक खोडाला लावून तोंड दुसरीकडे फिरवायची, म्हणजे आकडा तिच्या कानावर पडला तरी डोळ्यांना दिसू नये. मध्येच शिव्या घालायची. "ही बोरडी तुझ्या सासूसारखी आहे, हात लावला की काटे."

"माझं लग्न कुठे झालंय भूवा?"

"म्हणूनच सांगतेय, आधी बघून ठेव."

शेवटच्या संध्याकाळी आकडा झाला दोन हजार आठशे सेहेचाळीस. खेजडी, जाळ, बोरडी, रोहिडा. पोकरने यादी सुवाच्च अक्षरात उतरवली, दोन प्रती केल्या आणि गोरधनदानच्या हातात दिली. गोरधनदानने ती डोळ्यांसमोर धरून उलटसुलट केली. "वा," तो म्हणाला. "जंगल खात्याच्या माणसालासुद्धा असं जमलं नसतं." पोहोच दिली, वर शिक्का मारला. पोकर मोटरसायकलवर घरी येताना गात होता.

वगताराम दुसऱ्या दिवशी परतला. उंट पुढे गेले आणि तो ओरणीच्या तोंडाशीच थांबला. पोकर धावत गेला.

म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्याने एका रुंद खेजडीवरच्या पिवळ्या खुणांवरून बोट फिरवलं. "हे काय लिहिलंय?"

"चौदाशे अकरा."

"ही सासू आहे," वगताराम म्हणाला. शेजारच्या झुकलेल्या झाडाकडे त्याने हात केला. "ती सून. तिला काय लिहिलंस?"

"चौदाशे बारा. बापजी, आता काही होणार नाही. शून्य खोडलं. माझ्याकडे पोहोच आहे."

म्हाताऱ्याने मुलाला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो झाडाझाडांतून चालत गेला आणि प्रत्येक झाडाला नावाने हाक मारत राहिला, उंट घरी आल्यावर मारतो तशी. भूवा घरात जाऊन बसली आणि दोन दिवस बाहेर आली नाही.

सुनावणी आषाढात झाली. पोकर धुतलेला शर्ट घालून गेला. खोलीत गोरधनदान, वरचा एक अधिकारी, कंपनीचा वकील आणि सभरवाल. पोकरला वाटलं, साहेब आपल्याला इथे बघून चिडेल. साहेबाने त्याला खुर्ची दिली.

वकिलाने पोकरचीच यादी काढली. "कंपनी या यादीशी पूर्ण सहमत आहे," तो म्हणाला. "नोंदीतलं शून्य चुकीचं होतं, हे आम्ही मान्य करतो. दोन हजार आठशे सेहेचाळीस झाडं. ग्रामस्थांनी स्वतः मोजलेली, प्रतिनिधीची सही असलेली. नियमाप्रमाणे यादी जोडून तोडणीची परवानगी मागत आहोत. एका झाडामागे दहा रोपं लावू, जिल्ह्यात जिथे सांगाल तिथे."

वरच्या अधिकाऱ्याने पान उलटलं. "यादी व्यवस्थित आहे," तो म्हणाला. आणि सही केली. चहा यायच्या आत सगळं संपलं.

पोकर गोरधनदानच्या टेबलाशी गेला. "तुम्ही म्हणालात, शून्य खोडलं की विषय संपला."

"खोडलं ना," गोरधनदान म्हणाला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. "माझ्या पोरीची बदली अडकलीय. तू मला काय विचारतोस?"

बाहेर सभरवाल गाडीत बसत होता. पोकरने दार धरलं.

"साहेब, यादी नसती तर?"

सभरवालने त्याच्याकडे दयेने बघितलं. ही दया फार वाईट असते, पोटभर जेवलेल्या माणसाची. "नसती तर मी अडकलो असतो. कागदावर शून्य, फोटोत जंगल. शून्य झाडं तोडायची परवानगी कोण देणार? जंगल खात्याला स्वतः मोजायला लावलं असतं तर आठ महिने गेले असते. मंत्री काय आठ महिने थांबतो? म्हणून गोरधनदानला म्हटलं, पोरगा हुशार आहे, त्यालाच सांग." त्याने गाडीची काच खाली केली आणि जाता जाता म्हणाला, "तुझी बढती मी लिहून ठेवलीय. मी माणसं विसरत नाही."

म्हणजे बारा वर्षं त्या ओरणीला एकच कुंपण होतं, आणि ते होतं एका अडाणी म्हाताऱ्याचं 'सांगत नाही'. न मोजलेलं झाड सरकारला तोडता येत नाही. हे कोणा वकिलाला, कोणा पत्रकाराला सुचलं नव्हतं. वगतारामलाही हे माहीत नव्हतं. त्याला फक्त एवढंच माहीत होतं, की मोजायचं नाही. आणि शिकलेल्या पोराने चार दिवसांत ते कुंपण स्वतःच्या हाताने, सुवाच्च अक्षरात उपटून दिलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. दांडा बिचारा चांगल्या लाकडाचाच असतो.

भाद्रपदात, एका सकाळी, यंत्रं आली. सोबत पोलिसांच्या दोन गाड्या. ढाणीची माणसं आडवी पडली, बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, त्यांना एकेक उचलून गाडीत घातलं आणि वीस किलोमीटरवर नेऊन सोडलं. चालत परत या म्हणाले.

तोडणीचा मुकादम नियमाचा पक्का होता. हातात यादी, क्रमांक बघितल्याशिवाय करवत लावायचा नाही. "एक!" तो ओरडायचा. "दोन!" झाड पडायचं, यादीवर खूण व्हायची. क्रमांक नाही ते झाड नाही. ते बघून पोकरच्या डोक्यात वीज चमकली. तो पळत ओरणीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि दगडाने क्रमांक खरवडू लागला. दोन हजार आठशे सेहेचाळीस. पंचेचाळीस. चव्वेचाळीस. रंग कंपनीचा, लोखंडावर मारायचा, उन्हापावसात दहा वर्षं टिकणारा. खरवडता खरवडता नखं फाटली. भूवाही आली, हातात विळा घेऊन. शेजारच्या झाडाला भिडली.

"भूवा, लवकर."

"करतेय रे मेल्या, करतेय."

मुकादम संध्याकाळी तिथे पोचला. खरवडलेली झाडं त्याने शांतपणे बघितली. "भाऊ," तो म्हणाला, "यादीत दोन हजार आठशे सेहेचाळीस आहेत. मला तेवढी पाडून दाखवायची आहेत. क्रमांक पुसलास तर मी परत टाकतो, माझ्याकडे डबा आहे. उगाच माझा आणि तुझा वेळ का घालवतोस?" खरोखरच डबा होता त्याच्याकडे. पिवळाच.

पोकर थांबला नाही. तो खरवडतच राहिला, आता रंग नाही, सालच निघत होती, आतलं ओलं लालसर लाकूड दिसू लागलं. मागून कोणीतरी त्याचं मनगट धरलं. वगताराम होता. वीस किलोमीटर चालून परत आलेला, पाय रक्ताळलेले.

"सोड," बाप म्हणाला. "मरताना तरी सोलू नकोस तिला."

दगड पोकरच्या हातातून पडला.

सहा दिवसांत ओरण साफ झाली. त्या जागी खांब ठोकले, खांबांवर प्लेटा, भोवती तारेचं कुंपण. उंटांना हे कोणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ते उठून सवयीने तिकडेच जायचे आणि कुंपणापाशी रांगेने उभे राहायचे, माना तारेवरून आत काढून. पहारेकरी दगड मारायचे. उंट दोन पावलं मागे यायचे आणि पुन्हा पुढे. एका गाभण उंटिणीचा गळा तारेने फाटला. तिसऱ्या दिवशी ती तिथेच बसली आणि उठली नाही. वगतारामने तिला नावाने हाक मारली. मान वळली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने बाकीचे उंट गोळा केले. दक्षिणेला कुठेतरी कालव्याच्या कडेला चरायला मिळतं, असं ऐकलं होतं. तिथले शेतकरी काठ्या घेऊन उभे असतात, असंही ऐकलं होतं. भूवाने सोगऱ्यांचं गाठोडं दिलं.

"बापजी, मी येतो," पोकर म्हणाला. त्याने पिशवी भरून ठेवली होती.

म्हाताऱ्याने साफ्याचा पदर तोंडावर ओढला. "येऊन काय करशील?"

"राखीन उंट. मला येतं."

"किती आहेत ते सांगशील रस्त्यात कोणाला तरी," वगताराम म्हणाला. रागाने नाही. दमलेल्या आवाजात, जसं एखाद्याला त्याचा आजार सांगावा. आणि चालू लागला.

पोकर पिशवी घेऊन तिथेच उभा राहिला, धूळ खाली बसेपर्यंत. मग ड्यूटीवर गेला. दुसरं काय करणार होता?

कार्तिकाच्या आधी मंत्री आला, पाटी लागली, फोटो निघाला. कंपनी जगात पहिली झाली आणि एकोणीस दिवस पहिली राहिली. विसाव्या दिवशी सकाळी पोकरने पडदा उघडला तर समुद्रापलीकडे कोणीतरी एका रात्रीत चार चौरस किलोमीटर वाढवले होते. दुसरे. त्याने कागदावर 'दोन' लिहिलं आणि साहेबाच्या टेबलावर ठेवलं.

सभरवालने कागद वाचला, चुरगळला नाही, शिवी दिली नाही. नकाशा मागवला. पश्चिमेच्या हद्दीबाहेर त्याने पेन टेकवलं. "इथून पुढे वाढलो तर? हा डाग कसला आहे?"

पोकरला तो डाग ओळखायला क्षण लागला नाही. जेठाणियांच्या ढाणीची ओरण. त्याच्या ओरणीपेक्षा मोठी, दाट.

"माहीत नाही साहेब," तो म्हणाला.

"तुला माहीत नाही?"

"सावली असेल. ढगाची."

सभरवाल त्याच्याकडे बघून हसला. पोकरने त्या हसण्याचा अर्थ लावत बसायचं नाही असं ठरवलं. दुपारची सुट्टी होताच त्याने मोटरसायकल काढली. पस्तीस किलोमीटर वाळूचा रस्ता. दोनदा पडला, उठला. वाटेत तो वाक्यं जुळवत होता. कोणीतरी चांगला माणूस येईल. चहा देईल. म्हणेल, मोजा, म्हणजे वाचेल. त्याचं ऐकू नका. मीही आलो तरी ऐकू नका.

जेठाणियांचा म्हातारा राखणदार ओसरीवर बसला होता. पोकरचं कार्ड गळ्यातच राहिलं होतं. म्हाताऱ्याने ते बघितलं, तरी खाट झटकून दिली, ताक मागवलं.

"काकोसा, एकच सांगायला आलोय," पोकर धापा टाकत म्हणाला. "ओरणीतली झाडं मोजू नका. कोणी काही सांगो. मोजू नका, सांगू नका, कागदावर लिहू नका."

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही पण त्यासाठीच आलात? अहो झालं ते! तहसीलमधून एक भला माणूस आला होता, आठवडा झाला. आमच्यात मोजत नाहीत, पण सुनबाई म्हणाली, काळ बदलला. शिकलेली आहे ती, बारावी. तीन दिवसांत मोजून काढली सगळी." त्याने आत हाक मारली. डोक्यावरचा पदर सावरत एक तरुण बाई बाहेर आली. तिच्या बोटांना रंग होता. म्हाताऱ्याने तिच्या हातून घडी घातलेले कागद घेतले आणि मोठ्या कौतुकाने पोकरच्या मांडीवर उलगडून ठेवले.

"उद्या द्यायला जाणार आहोत," तो म्हणाला. "बरं झालं तुम्ही आलात. साहेब माणूस आहात, जरा बेरीज बघून द्या."

सुनेचं अक्षर पोकरच्या अक्षरापेक्षा सुवाच्च होतं. पोकरने कागदांची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि शर्टाच्या आत, छातीशी खुपसली.

"अहो, हे काय करता?" सून पुढे झाली. "माझ्याकडे दुसरी प्रत आहे."